वलंदेजांचं गवत, अत्र्यांचे झेंडू

न्हावा शेव्याच्या बंदराला १९८९ सालापासून पाटीवर नेहरूंचं नाव आहे, पण जहाजाच्या कागदांवर आजही 'न्हावा शेवा' एवढंच छापलेलं असतं. माल हॅम्बुर्गचा असो नाहीतर रॉटरडॅमचा, उतरायच्या बंदराच्या रकान्यात ही दोन गावं जोडीनं बसलेली. त्यातलं शेवा तर जुन्या जागी उरलेलंच नाही. बंदरासाठी ते उठलं, लोक दुसरीकडे वसवले गेले, आणि गावाचं नाव मात्र कंटेनरांबरोबर जगभर हिंडतं आहे.

रॉटरडॅम हे नाव दिसलं की मला एक जुना शब्द आठवतो: वलंदेज. डच लोकांना आपले पूर्वज वलंदेज म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची यादी आहे. तीत फिरंगी, इंग्रज, फरासीस यांच्या जोडीला वलंदेज आहेत आणि डिंगमारही आहेत. डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले. (हा शब्द आपण का टाकून दिला कोण जाणे, इतका झोकदार शब्द 'डॅनिश'मध्ये नाही.) सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वलंदेजांची वखार होती. त्यांच्या मिरीची, कापडाची आणि तोफांची दखल आपण घेतली. त्यांच्या कवींची दखल घ्यायचं काही कारण नव्हतं. तरी १८८५ साली ॲमस्टरडॅममध्ये जे घडलं ते मराठी वाचकाला ऐकताच ओळखीचं वाटेल.

हॉलंडात तेव्हा कविता म्हणजे पाद्र्यांचं राज्य होतं. रविवारी प्रवचन करणारे धर्मोपदेशक सोमवारी कविता लिहीत. विषय ठरलेले: सद्गुण, देवभक्ती, मायदेश, घरातली ऊबदार शेगडी, आजारी मूल, आजोबांची खुर्ची. यमकं जुळत, डोळे पाणावत, कुणालाही कशाचा धक्का बसत नसे. १८३७ साली निघालेलं 'दे खिड्स' म्हणजे 'मार्गदर्शक' हे मासिक साहित्याचा न्यायनिवाडा करी. विशीतल्या पोरांना तिथं थारा मिळणं कठीण. मग विलेम क्लोस, आल्बर्ट फेरवे, फ्रेडरिक फान एडन आणि त्यांच्या मित्रांनी ऑक्टोबर १८८५ मध्ये स्वतःचंच नियतकालिक काढलं आणि नाव ठेवलं 'दे न्यूवे खिड्स', म्हणजे 'नवा मार्गदर्शक'. जुन्या दुकानासमोर तीच पाटी 'नवीन' हा शब्द जोडून लावायची ही युक्ती आपल्याकडे मिठाईवाल्यांना चांगली ठाऊक आहे. या मंडळींना पुढे 'ऐंशीवाले' असं नाव पडलं, कारण त्यांचा उदय १८८०च्या दशकातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कविता उपदेशासाठी नसते. ती ज्याची त्याची अगदी खासगी भावना असते आणि तिचं रूपही तितकंच खासगी हवं.

त्यांचा पहिला हल्ला मात्र सिद्धान्ताचा नव्हता, चेष्टेचा होता. त्याच १८८५ सालात 'ग्रासस्प्रीटयेस' नावाचं एक छोटं पुस्तक निघालं. मराठीत 'गवताची पाती' म्हणू. कवी कॉर्नेलिस पाराडाइस, हुद्दा निवृत्त दलाल. उपशीर्षकातच ही गीतं सद्गुण, देवभक्ती आणि मायदेश या क्षेत्रांतली असल्याचं जाहीर केलेलं. आत या म्हाताऱ्या दलालानं भाबडेपणाचा कळस करून थोर पाद्री-कवींची स्तोत्रं गायली होती, तीही त्यांच्याच सुरात. फक्त सूर अर्धी पट्टी वर, इतकाच की ऐकणाऱ्याला हसू आवरू नये. पाराडाइस नावाचा कुणी दलाल अर्थातच नव्हता. तो होता फान एडन, तेव्हा वैद्यकी शिकणारा पंचविशीतला तरुण.

दुसरी खोडी याहून खोल होती. क्लोस, फेरवे आणि मंडळींनी मिळून मुद्दाम वाईट, रडवी, फुगवलेली एक प्रेमकथा पद्यात लिहिली. नाव 'युलिया', लेखक 'ग्विडो'. ती छापली आणि वाट पाहत बसले. समीक्षकांनी तिचं कौतुक केलं. मग १८८६ साली क्लोस आणि फेरवे यांनी एक पुस्तिका काढून सगळा बनाव उघड केला. पुस्तिकेच्या शीर्षकातच त्यांनी डच समीक्षेची नालायकी सांगून टाकली होती.

एवढी आगाऊ मंडळी दुसऱ्यांच्या थट्टेतून सुटणं शक्य नव्हतं. थट्टा करणाऱ्याच्या हाती तर लेखणीबरोबर आता कुंचलाही होता. 'दे ॲमस्टरडॅमर' या साप्ताहिकात योहान ब्राकनसीक याची मोठमोठी शिळाछाप व्यंगचित्रं येत. मुख्य विषय राजकारण, पण शहरात ज्याची चर्चा असेल ते चित्रात येणारच. शिवाय या कवींचे चेहरे लोकांना माहीत होते. त्यांचा मित्र विलेम विट्सेन हा चित्रकार तर होताच, वर हाती कॅमेरा घेऊन त्यानं या सगळ्यांची छायाचित्रं काढली. यान फेत हा दुसरा मित्र व्यक्तिचित्रांत निष्णात. व्यंगचित्रकाराला आधी चेहरा लागतो. नाक, दाढी, केसांची झुलपं, डोळ्यांवर आलेली टोपी. कवीचा चेहरा गावाला ठाऊक नसेल तर त्याचं नाक लांब करून उपयोग काय?

हा प्रश्न घेऊन खाडीच्या अलीकडे येऊ.

न्हावा शेव्याचा, म्हणजे पनवेल-उरणचा हा टापू त्या काळाच्या जरा आधीपर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. १८८२चं ठाणे गॅझेटियर उघडलं तर पनवेल त्यातच सापडतं. कुलाबा जिल्ह्यात तो गेला त्यानंतर. आणि त्याच ठाण्यातून 'हिंदुपंच' निघत असे. नाव उघडच लंडनच्या 'पंच'वरून घेतलेलं. लंडनचा 'पंच' १८४१चा, त्याची मुंबईतली पहिली मोठी नक्कल 'पारसी पंच' १८५४ची. ती पुढे १८८८ पासून 'हिंदी पंच' झाली आणि गुजराती-इंग्रजी ओळींसह आठवड्याला काँग्रेस, लाटसाहेब, प्लेग आणि नगरपालिका यांची चित्रं देत राहिली. ठाण्याचा 'हिंदुपंच' मराठी आणि बोचरा. तो इतका बोचरा, की १९०९ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या शांत माणसानं त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. मात्र या सगळ्या पंचांच्या तावडीत सापडले ते पुढारी, सुधारक, सरकारी अधिकारी. मराठी कवितेच्या एखाद्या प्रवाहाची चित्रातून टर उडवलेली एकोणिसाव्या शतकात शोधू गेलं तर हाती फारसं लागत नाही.

हिंदुस्थानात हे कुणीच केलं नाही असं मात्र नाही. लखनऊला मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ साली काढलेल्या 'अवध पंच'नं उर्दूतल्या नव्या वळणाला पुरतं सळो की पळो केलं. अलीगढची सुधारक मंडळी आणि कवी हाली यांनी जुन्या गझलेवर टीका केली म्हणून 'अवध पंच' त्यांच्या मागे हात धुऊन लागला. पुढे 'गुलजारे नसीम' या जुन्या मसनवीवरून शरर आणि चकबस्त या दोन लेखकांत वाद पेटला तेव्हाही रणांगण हेच पत्र. म्हणजे विनोदी पत्रानं वाङ्मयीन चळवळ अंगावर घ्यायची रीत या देशाला परकी नव्हती.

मग मराठीत काय अडलं? छपाई नक्कीच नाही. पुण्यात चित्रशाळा १८७८ साली उभी राहिली आणि देवादिकांची, पेशव्यांची रंगीत शिळाछाप चित्रं घरोघर गेली. थट्टेची हौसही कमी नव्हती. सालं तर डोळे दिपवणारी जुळतात. ॲमस्टरडॅममध्ये गवताची पाती उगवली त्याच १८८५ सालच्या मे महिन्यात पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. रानड्यांच्या मंडळींकडून जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेलं. त्यांनी नकाराचं जे पत्र पाठवलं ते 'ज्ञानोदया'त छापून आलं. त्यात त्यांनी जमलेल्या ग्रंथकारांना 'घालमोडे दादा' म्हटलं. शेतकऱ्याचं, शूद्रातिशूद्रांचं जगणं ज्यांच्या पुस्तकांत कधी आलं नाही त्यांच्या सभेला आम्ही का यावं, हा सवाल. व्यंगचित्रकारानं एका फटकाऱ्यात पोट फुगवावं तसं फुल्यांनी दोन शब्दांत अख्ख्या सभेचं चित्र काढलं. ही सभा म्हणजे आजच्या साहित्य संमेलनांची आजी. म्हणजे संमेलनाची टिंगल संमेलनाइतकीच जुनी आहे.

माझा अंदाज असा, की मराठी माणसाची थट्टा कानानं होते, डोळ्यानं नव्हे. न्हावा शेव्याकडच्या आगरी लग्नाला जो कधी गेला असेल त्याला हे सांगावं लागणार नाही. धवलारीण धवले गाते ते मंगल आणि गंभीर, पण मांडवात दुसरीही गाणी असतात. त्यांत विहिणीचं काही शिल्लक ठेवत नाहीत. तिच्या लुगड्यापासून तिच्या कंजूषपणापर्यंत सगळं चालीत बसवलेलं. जिला टोमणा बसला ती हसते आणि उलट चाल धरते. शिमग्यात तर नाव घेऊन बोंब. कागद नाही, शाई नाही. घाटावर गेलं की हेच काम कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब करतात आणि त्याआधी नाथांच्या भारुडांनी केलंच होतं. लिहिता-वाचता येणाऱ्यांचे कानही असेच तयार झालेले. १८५४ सालच्या परशुरामतात्या गोडबोल्यांच्या 'नवनीता'वर दोन-तीन पिढ्या शाळेत घोकून तयार झाल्या. आर्या, श्लोक, दिंडी, साकी त्यांच्या जिभेवर होती. अशा वाचकापुढे कवीचं नाक काढायची गरजच काय? त्याच्याच वृत्तात वांग्याची भाजी बसवली की काम झालं.

आणि डोळ्यानं बघायची थट्टा हवीच असेल तर रस्ता होता. १८७५ साली पुण्यात दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी समोरून एक गाढव सजवून आणलं आणि त्याला गर्दभानंद म्हटलं. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. या दोन्ही गोष्टींत विनोदापेक्षा द्वेष जास्त, हे उघड आहे. पण तंत्र पाहा: ही चालती व्यंगचित्रंच होती. रंगभूमीवरही तेच. नारायण बापूजी कानिटकरांनी १८८६ साली 'तरुणी शिक्षण नाटिका' लिहून शिकलेल्या मुलींची हवी तशी नक्कल केली. मग त्या काळच्या कवींची अशी मिरवणूक का निघाली नाही? याचं उत्तर थोडं खिन्न आहे. कुणाला ते माहीतच नव्हते. केशवसुत १८८५च्या सुमाराला लिहू लागले, १९०५ साली प्लेगनं गेले, आणि त्या वीस वर्षांत गर्दीनं त्यांना ओळखावं असं काही घडलं नाही. क्रांती झाली, पण मास्तरकी करणाऱ्या एका संकोची माणसाच्या वहीत. विट्सेनसारखा कॅमेरावाला मित्र त्यांना कुठला?

मराठीत वाङ्मयीन थट्टेला पुस्तकाचं अंग आलं ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त. पण एका ठरावीक काव्य-चळवळीवर नेम धरून, तिच्याच भाषेत, तिचाच वेष चढवून केलेला हल्ला हवा असेल, म्हणजे गवताच्या पात्यांचा सख्खा भाऊ हवा असेल, तर १९२५ साल उजाडावं लागलं. पुस्तकाचं नाव 'झेंडूची फुले', कवी केशवकुमार.

केशवकुमार म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. तेव्हा ते पुण्यात मास्तर होते, सत्ताविशीच्या आसपासचे. पुढची नाटकं, सिनेमे, 'मराठा' आणि संयुक्त महाराष्ट्र यातलं काहीही अजून घडायचं होतं. समोर होतं रविकिरण मंडळ. १९२३च्या सुमाराला पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, वि. द. घाटे, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आणि मंडळी रविवारी चहाला जमू लागली. कविता वाचायची, एकमेकांना दाद द्यायची, पुस्तकं काढायची. चहा, कविता आणि परस्पर कौतुक हे मिश्रण बाहेरून बघणाऱ्याला नेहमीच थोडं गोड लागतं. माधव जूलियन फारसीचे मोठे पंडित, गझल त्यांनी मराठीत रुजवली. त्यांच्या कवितेतली प्रेयसी, फारसी शब्दांची पखरण आणि उसासे यांनी त्या काळच्या कॉलेजकुमारांना वेड लावलं होतं.

अत्र्यांनी नेमकं तेच उचललं. माधव जूलियनांच्या 'श्यामले'ला त्यांनी 'श्यामले'नंच उत्तर दिलं. ज्याला त्याला उद्देशून गंभीर कविता लिहायची जी लाट आली होती तिच्यावर 'परीटास' लिहून कपडे हरवणाऱ्या धोब्याला उदात्त संबोधन बहाल केलं. 'प्रेमाचा गुलकंद' तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाला. प्रियकर नेमानं गुलाब आणून देतो, कित्येक दिवस देतो, आणि शेवटी हृदय उघड कर म्हणून विनवतो, तर ती आतून त्या सगळ्या फुलांच्या गुलकंदाची बरणी आणून पुढे ठेवते. यात कवितेवर एक शब्दाचीही टीका नाही. पण हे वाचून झाल्यावर पुढची 'गुलाब दिला' छापाची कविता सरळ चेहऱ्यानं वाचता येत नाही. शिवाय मूळ कवितासंग्रहांना असत तशी भारदस्त प्रस्तावना-टिपांची सजावटही पुस्तकात होती. तीही चेष्टाच.

आता दोन्ही पुस्तकांची नावं शेजारी ठेवून पाहा. एकाकडे गवत, दुसऱ्याकडे झेंडू. गुलाब नाही, जाईजुई नाही, ट्यूलिपही नाही. कुणी कवितेत घेणार नाही अशी, गाईपुढे टाकायची किंवा दसऱ्याला टोपलीनं विकायची वनस्पती. अत्र्यांनी फान एडन वाचला असण्याचा संभव जवळजवळ शून्य. टर उडवणाऱ्याला आपोआप खालची पायरी आवडते, एवढंच. तिथून वरच्याचे पाय नीट दिसतात.

एक फरक मात्र महत्त्वाचा. ॲमस्टरडॅममध्ये नव्यांनी जुन्यांची टर उडवली. पुण्यात अत्र्यांनी जुन्यांची बाजू घेतली नव्हती, पण निशाणा नव्यांवर होता, आणि तेही आपल्याच वयाच्या मंडळींवर. म्हणून 'झेंडूची फुले' हे बंड नाही. ती शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावून मारलेली शीळ आहे. ॲमस्टरडॅमच्या जातीचं, म्हणजे बंडखोर पोरांनी थोरांना तुडवण्याचं काम मराठीत साठच्या दशकात झालं. अशोक शहाण्यांनी १९६३ साली मराठी वाङ्मयावर 'क्ष' किरण टाकले आणि मागोमाग अनियतकालिकांची रांग लागली. तिथं चक्रमुद्रित कागद होते, शिव्या होत्या, फडके-खांडेकरांना मोडीत काढणं होतं. दे न्यूवे खिड्सच्या पोरांना ती मंडळी सहज आपली वाटली असती.

आणि चित्र? तेही आलं, उशिरा पण फार चांगलं. १९६४ साली 'ललित' मासिक सुरू झालं आणि त्याच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर वसंत सरवटे मराठी साहित्याचीच व्यंगचित्रं काढू लागले. सरवटे पेशानं स्थापत्य अभियंते, सिमेंट कंपनीतले. लेखक, प्रकाशक, समीक्षक, पुरस्कार, संमेलन, वाचक या साऱ्यांचं वर्षभराचं वागणं ते एका चित्रात मांडत. हे करता आलं कारण मधल्या काळात एक गोष्ट घडली होती: मराठी लेखकाला चेहरा आला होता. पु. ल., अत्रे, गदिमा हे सिनेमात, सभांत, वर्तमानपत्रांत दिसत होते. सरवट्यांची रेषा अत्र्यांच्या लेखणीइतकी ओरबाडत नाही. ती थांबून बघते, आणि मग माणूस आपोआपच थोडा हास्यास्पद दिसू लागतो. मला विचाराल तर वाङ्मयीन व्यंगचित्रात आपण वलंदेजांच्या ऐंशी वर्षं मागे असू, पण दर्जात नाही.

ऐंशीवाल्यांची चळवळ फार टिकली नाही. १८९३-९४ पर्यंत मित्रांत भांडणं लागली. दारू, संशय आणि एकाकीपणा यांनी पोखरलेला क्लोस जुन्या सोबत्यांवर शिव्यांची सुनीतं लिहून आपल्याच नियतकालिकात छापू लागला. चौदा ओळींत, निर्दोष वृत्तात, शिव्या. व्यंगचित्रकाराला आणखी काही करायला उरलं नव्हतं.

अत्र्यांनी 'केशवकुमार' हे नाव थट्टेपुरतं ठेवलं नाही. शाळेच्या पुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी म्हटलेली 'आजीचे घड्याळ' याच नावावर आहे. तीत वेळ ओळखणारी आजी आहे, घरातली ऊब आहे, जुन्याबद्दलची माया आहे. कॉर्नेलिस पाराडाइसनं ज्या विषयांची खिल्ली उडवली असती नेमके तेच, आणि कविता सुंदर आहे. निवृत्त दलाल पाराडाइसचं पुढे काय झालं? डॉक्टर फान एडन मानसोपचारांकडे वळला, १८९८ साली त्यानं बुस्सुम गावी सहजीवनाची वसाहत काढून पाहिली, १९१३ साली रवींद्रनाथांची 'गीतांजली' डचमध्ये नेली. आणि झेंडू फुलायच्या तीन वर्षं आधी, १९२२ साली, देवभक्तीच्या गीतांची टर उडवून नाव कमावलेला हा गृहस्थ वयाच्या एकसष्टाव्या वर्षी रीतसर कॅथलिक झाला.